बीलाचा लोखंडी पूल: जन्म, शंभर वर्षांची चाकरी आणि भंगार

इंग्लंडच्या उत्तरेला पेनाइन डोंगररांग ओलांडणारी स्टेनमोरची खिंड आहे. तिच्या पश्चिम उतारावर, जुन्या वेस्टमॉर्लंड परगण्यात, बीला नावाची नदी वाहते आणि पुढे ईडन नदीला मिळते. नदी लहान, पण तिने कोरलेली दरी चांगलीच खोल. या दरीवर १८६० पासून १९६३ पर्यंत एक लोखंडी रेल्वेपूल उभा होता. उंची १९६ फूट, लांबी १,०४० फूट, ६० फुटांचे १६ गाळे. इंग्लंडमधला हा सर्वांत उंच रेल्वेपूल मानला जाई. आज तिथे दोन्ही काठांवरच्या दगडी भिंती, खांबांच्या जोत्यांचे अवशेष आणि सिग्नल केबिनचं पडकं बांधकाम एवढंच उरलं आहे.

हा पूल कोसळला नाही. म्हणूनच त्याचं प्रकरण नीट पाहण्यासारखं आहे. कोसळलेल्या पुलांवर चौकशी समित्या बसतात, अहवाल निघतात, विद्यार्थी पिढ्यानपिढ्या ते वाचतात. जो पूल आपलं काम चोख करून गेला त्याची फाइल मात्र एका बंद करण्याच्या आदेशावर संपते. माझ्या मते बीलाच्या पुलाकडून शिकण्यासारखं स्कॉटलंडमधल्या टे खाडीवरच्या कोसळलेल्या पुलाइतकंच आहे, आणि हे दोन्ही पूल एकाच माणसाच्या कागदावरून उतरले होते.

कोक पश्चिमेकडे, खनिज पूर्वेकडे

१८५० च्या दशकात इंग्लंडच्या लोखंडधंद्याची एक अडचण होती. पूर्वेला डरहॅममध्ये उत्तम कोक, म्हणजे कोळशापासून केलेलं भट्टीचं इंधन, पश्चिमेला फर्नेस आणि कंबरलंड भागात उत्तम हेमेटाइट खनिज, आणि मध्ये पेनाइनचा डोंगर. हेमेटाइटमध्ये फॉस्फरस फार कमी असे. बेसेमरची पोलाद करण्याची पद्धत १८५६ मध्ये जाहीर झाली, ती तेव्हा अशाच कमी फॉस्फरसच्या लोखंडावर चाले, त्यामुळे पश्चिमेच्या खनिजाचा भाव वाढतच जाणार होता. पश्चिमेच्या बॅरोला १८५९ मध्ये झोतभट्ट्या पेटल्या. त्या भट्ट्यांना कोक हवा होता आणि पूर्वेच्या भट्ट्यांना हेमेटाइट हवं होतं. दोन्ही दिशांनी वाघिणी भरून धावतील असा मार्ग रेल्वेवाल्यांच्या नशिबी क्वचितच येतो.

त्यासाठी साउथ डरहॅम अँड लँकेशायर युनियन रेल्वे ही कंपनी निघाली. तिच्यामागे हेन्री पीज आणि डार्लिंग्टनचं पीज घराणं होतं, म्हणजे स्टॉकटन अँड डार्लिंग्टन रेल्वेवालीच मंडळी. १८५७ मध्ये संसदेने कायदा मंजूर केला. मार्ग बार्नार्ड कॅसलहून स्टेनमोरच्या माथ्यावर चढून कर्बी स्टीफनमार्गे टीबेला उतरणार होता. माथा समुद्रसपाटीपासून १,३७० फुटांवर. पश्चिमेकडून चढताना दर ६० फुटांमागे सुमारे १ फूट चढ. मालगाडीच्या इंजिनासाठी हा चढ फार कठीण होता.

अभियंता म्हणून थॉमस बाउच यांना नेमलं. ते १८२२ मध्ये कंबरलंडमधल्या थर्सबी गावात जन्मले, म्हणजे याच मुलखातले. वाघिणींसकट बोटीवर चढणाऱ्या रेल्वेफेरीसाठी त्यांचं नाव आधीच झालं होतं. कमी पैशांत काम उभं करणारा अभियंता ही त्यांची ख्याती होती, आणि लहान कंपन्यांना तेच हवं असे. पुढे हीच ख्याती त्यांच्यावर उलटली.

दगड की लोखंड

या मार्गावर बाउच यांनी दोन्ही वापरले. स्मार्डेल गिल, पॉडगिल, मेरीगिल हे त्यांचे पूल दगडी कमानींचे आहेत. उंची मध्यम, दगड जवळ, कारागीर हाताशी. बीला आणि डीपडेल या दोन दऱ्यांवर मात्र त्यांनी लोखंड निवडलं. डीपडेलचा पूल ७४० फूट लांब आणि १६१ फूट उंच होता. एवढ्या उंचीवर दगडाचा खांब बांधायचा तर तो खाली अफाट रुंद होतो, त्याचं स्वतःचं वजनच पायावर येतं आणि बांधकाम वर्षानुवर्षं चालतं. लोखंडी मनोऱ्याला या तिन्ही अडचणी नाहीत. शिवाय मिडल्सबरोला लोखंडाचे कारखाने होते आणि या मार्गाला पैसा पुरवणाऱ्या मंडळींचे हितसंबंध त्याच धंद्यात गुंतलेले होते. म्हणजे आपलाच माल आपल्याच मार्गावर.

याच वर्षांत आपल्याकडे बोरघाट चढवला जात होता. तिथे ब्रिटिश अभियंत्यांनी सह्याद्रीचा दगड वापरला. १८६३ मध्ये घाट सुरू झाला आणि १८६७ च्या पावसाळ्यात त्यातला एक मोठा दगडी पूल ढासळला. दगड म्हणजे आपोआप भक्कम आणि लोखंड म्हणजे आपोआप तकलादू, हा समज तेव्हाही खोटा होता. सगळं बांधणीवर अवलंबून असतं.

२५ नोव्हेंबर १८५७ रोजी हेन्री पीज यांच्या हस्ते बीलाच्या पुलाची कोनशिला बसली. लोखंडाचं काम मिडल्सबरोच्या गिल्क्स, विल्सन या कंपनीकडे होतं. आकडेमोडीत बाउच यांना रॉबर्ट हेन्री बो यांची मदत झाली. बो पुढे चौकटींवरचे ताण आलेखाने काढण्याच्या पद्धतीसाठी ओळखले गेले. सगळा खर्च ३१,६३० पौंड. सुमारे पावणेआठशे टन ओतीव लोखंड, म्हणजे बीड, आणि सुमारे सहाशे टन घडीव लोखंड त्यात गेलं. त्या वेळच्या एका कवितेत गिल्क्स, विल्सननी ऐंशी माणसं घेऊन हा पूल उभा केल्याचा गौरव आहे. ऐंशी माणसं आणि १९६ फूट. दगडाच्या पुलाला ही संख्या पुरली नसती.

१८६१ च्या उन्हाळ्यात मार्ग खुला झाला. आधी खनिजाच्या गाड्या, मग ऑगस्टमध्ये उतारू.

सांधा

आता ज्या गोष्टीसाठी मी हे प्रकरण निवडलं तिथे येतो.

पुलाचे १५ मनोरे होते. एकेका मनोऱ्याला सहा पोकळ बिडाचे खांब. ते सरळ उभे नव्हते. खाली फाकलेले आणि वर जवळ येणारे, म्हणजे मनोरा तळाशी रुंद आणि माथ्याशी अरुंद. दरीत वारा आडवा येतो. तो वरच्या तुळयांना आणि गाडीला ढकलतो, आणि तो ढकलण्याचा जोर मनोऱ्याच्या पायापर्यंत पोहोचवावा लागतो. पाया रुंद असेल तर वाऱ्याच्या बाजूचा खांब उचलला जाण्याची भीती कमी.

बीड दाबाला खंबीर असतं. त्याच्यावर वजन ठेवा, ते शेकडो टन सोसेल. पण त्याला ओढलं किंवा वाकवलं तर ते आधी सूचना न देता काडकन मोडतं. घडीव लोखंड ओढ सोसतं. म्हणून शहाणा अभियंता बिडाला उभं करतो आणि ओढ घेणाऱ्या तिरक्या कांबी घडीव लोखंडाच्या करतो. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. खरी परीक्षा पुढे: घडीव कांब बिडाच्या खांबाला जोडायची कशी?

बीलाच्या पुलावर याचं उत्तर असं होतं. खांबांना ठरावीक अंतरावर आडव्या तुळया होत्या, आणि या तुळया खांबाच्या कडेला चिकटवलेल्या नव्हत्या. तुळईच्या टोकाला कडं होतं आणि ते कडं खांबाला सगळ्या बाजूंनी वेढून बसे. ज्या जागी ते बसे तिथे खांबाचा बाहेरचा भाग लेथवर कातून गुळगुळीत केलेला, आणि कड्याचा आतला भाग तेवढ्याच मापाने भोक पाडून साफ केलेला. दोन्ही यंत्रावर तयार झालेले, त्यामुळे एकमेकांत घट्ट बसत. मध्ये सिमेंट नाही, फट बुजवायला कसलंही लुकण नाही. मग घडीव लोखंडाच्या तिरक्या आणि आडव्या कांबी लावून पाचरी ठोकल्या की अख्खा मनोरा एकसंध असल्यासारखा ताठ होई. कांबीची ओढ खांबाच्या एखाद्या कानावर, म्हणजे अंगातून बाहेर आलेल्या तुकड्यावर, न येता पूर्ण कड्यावर पसरे.

हे काम खर्चिक आहे. प्रत्येक खांब लेथवर चढवायचा, प्रत्येक कडं मापात कातायचं, म्हणजे कारखान्यात वेळ आणि मजुरी. पण जागेवर काम पटापट होतं, कारण तुकडे आणायचे, बसवायचे, पाचर मारायची. कंजूष म्हणून ओळखल्या गेलेल्या बाउच यांनी इथे कंजुषी केली नाही. बांधकामाच्या इतिहासात या माणसाला एका रात्रीवरून तोललं जातं, तेव्हा मला बीलाचं हे कडं आठवतं आणि तो निवाडा अपुरा वाटतो.

तीच माणसं, दुसरा पूल

ती रात्र २८ डिसेंबर १८७९ ची. स्कॉटलंडमधल्या टे खाडीवरच्या जवळजवळ दोन मैल लांबीच्या पुलाचे मधले १३ उंच गाळे वादळात गाडीसकट खाडीत पडले. पूल १ जून १८७८ रोजी उतारूंसाठी सुरू झाला होता, म्हणजे त्याला १९ महिनेही पुरे झाले नव्हते. गाडीतलं कुणी वाचलं नाही. मृतांची संख्या पुष्कळ वर्षं ७५ धरली गेली, त्यातली ५९ नावं पक्की झाली आहेत. अभियंता थॉमस बाउच. त्याच वर्षी त्यांना सर किताब मिळाला होता. लोखंडी कामाचं कंत्राट शेवटी हॉपकिन्स, गिल्क्स कंपनीकडे होतं, म्हणजे गिल्क्स, विल्सनचाच पुढचा अवतार.

टेवरही बिडाचे खांब आणि घडीव तिरक्या कांबी होत्या. पण खांबाला कडं नव्हतं. खांब ओततानाच त्याच्या अंगाला बिडाचे कान ओतले होते आणि कांब त्या कानाला बोल्टने अडकवली होती. म्हणजे वाऱ्याची सगळी ओढ बिडाच्या एका छोट्या कानावर. आणि बीड तर ओढ सोसत नाही. त्यातून कानातलं बोल्टचं भोक ड्रिलने पाडलेलं नव्हतं, ओततानाच ठेवलेलं होतं, त्यामुळे ते एका बाजूला निमुळतं. बोल्ट भोकाच्या पूर्ण पृष्ठभागावर टेकण्याऐवजी एका कडेवर टेकायचा आणि सगळा जोर त्या कडेवर यायचा. चौकशीच्या वेळी या कानांची चाचणी घेतली तेव्हा ते अपेक्षेपेक्षा खूपच कमी भाराला तुटले.

ओतकाम खाडीकाठच्या वर्मिटच्या ओतशाळेत झालं. तिथे खांबांत राहिलेली पोकळ भोकं मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी यांच्या मिश्रणाने बुजवत. वर रंग मारला की दिसत नसे. पुलाच्या देखरेखीला नेमलेला माणूस मूळचा गवंडी होता. सैल झालेल्या कांबींचा खडखडाट त्याला ऐकू आला, आणि त्याने फटींत लोखंडाचे तुकडे ठोकून तो खडखडाट बंद केला. सैल कांब तशीच सैल राहिली, तिचा आवाज तेवढा थांबला.

चौकशी न्यायालयाचे तीन सदस्य होते: रॉथरी, कर्नल यॉलंड आणि बार्लो. पुलाचा आराखडा, बांधणी आणि देखभाल तिन्ही वाईट, असा निष्कर्ष निघाला आणि रॉथरींनी मुख्य दोष बाउच यांच्यावर ठेवला. आराखड्यात वाऱ्याच्या दाबासाठी वेगळी तरतूद केलेली नव्हती हेही समोर आलं. ऑक्टोबर १८८० मध्ये बाउच वारले. फोर्थ खाडीवरच्या पुलाचा त्यांचा आराखडाही सोडून देण्यात आला.

त्यांचा दोष कमी करावा असं मला वाटत नाही. किमान ५९ माणसं गेली. पण त्यांना वाऱ्याचं भान नव्हतं, बिडाचं ज्ञान नव्हतं, अशी सरसकट वाक्यं वाचली की बीलाचा पूल पुढे करावासा वाटतो. वीस वर्षं आधी, त्याहून उंच दरीवर, त्याच माणसाने रुंद पाय, वेढणारी कडी आणि यंत्रावर कातलेले सांधे वापरले होते. काय करायला हवं ते त्यांना आणि त्यांच्या कंत्राटदाराला माहीत होतं. टेवर ते सोडलं गेलं. अज्ञानामुळे झालेली चूक शिकवून दुरुस्त करता येते. माहीत असलेली गोष्ट पैशासाठी आणि घाईसाठी सोडून दिली जाते तेव्हा दुरुस्ती कुठे करायची, हा प्रश्न टे आणि बीला शेजारी ठेवल्याशिवाय नीट दिसतच नाही. अभियांत्रिकीच्या वर्गात टे शिकवताना बीला शिकवला जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

शंभर वर्षांची चाकरी

१८६३ मध्ये हा मार्ग नॉर्थ ईस्टर्न रेल्वेत गेला, १९२३ मध्ये लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेत (एलएनईआर) आणि १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरणानंतर ब्रिटिश रेल्वेत. मालक बदलले, काम तेच राहिलं. कोकच्या गाडीला पुढे एक इंजिन आणि मागे ढकलायला एक. बीलाच्या टोकावरच्या सिग्नल केबिनमधला माणूस आठवडेच्या आठवडे गाड्यांखेरीज फारसं काही पाहत नसेल, कारण आसपास वस्ती जवळजवळ नाहीच.

उतारूंच्या गाड्या दिवसाला थोड्याच. पण उन्हाळ्याच्या शनिवारी चित्र वेगळं असे. ईशान्येच्या औद्योगिक गावांतून ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर सुट्टीला निघालेली कुटुंबं याच पुलावरून जात. आणखी एक गाडी मला विशेष वाटते. डरहॅमच्या खाणकामगारांच्या संघटनेचं अल्व्हरस्टनजवळ कॉनिसहेड प्रायरी इथे विश्रांतीगृह होतं. आजारातून किंवा दुखापतीतून उठलेल्या कामगारांना दर पंधरवड्याला खास गाडीने तिथे नेत आणि परत आणत. ज्यांनी कोकसाठी कोळसा काढला त्यांनाच हा मार्ग हवापालटाला नेत होता. ताळेबंदात ही गाडी नगण्य दिसली असेल, पण त्या डब्यांत बसलेल्यांच्या दृष्टीने तिची किंमत कुठल्या रकान्यात मांडणार?

हिवाळे भयंकर. १९४७ च्या हिवाळ्यात मार्ग कित्येक आठवडे बर्फाखाली बंद राहिला. फेब्रुवारी १९५५ मध्ये ७८०१८ क्रमांकाचं इंजिन माथ्याजवळ ब्लीथ गिल इथे बर्फाच्या ढिगाऱ्यात गाडीसकट रुतलं. ते फावड्यांनी उकरून काढलं, आणि ब्रिटिश रेल्वेच्या फिल्म विभागाने त्यावर छोटा माहितीपट केला. तो पाहताना या मार्गावर काम करणं म्हणजे काय ते समजतं. माणसं कंबरेएवढ्या बर्फात उभी राहून चाकांभोवती जळते बोळे फिरवत आहेत. अशा प्रत्येक हिवाळ्यातून पूल उभा राहिला. बिडाचे तेच खांब, तीच कडी.

माल गेला

दुसऱ्या महायुद्धानंतर ज्या धंद्यावर हा मार्ग उभा होता तोच ओसरला. पश्चिमेचं हेमेटाइट संपत चाललं होतं, पोलादाचे कारखाने परदेशी खनिज बंदरांवर उतरवून घेऊ लागले होते आणि पेनाइनपलीकडच्या भट्ट्यांना लागणारा कोक कमी झाला होता. ब्रिटिश ट्रान्सपोर्ट कमिशनने १९५९ मध्ये मार्ग बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. १९६० च्या उन्हाळ्यात कोक आणि खनिजाच्या उरलेल्या गाड्या न्यूकॅसल ते कार्लाइल या सपाट मार्गाने वळवल्या.

ही चाल नीट पाहायला हवी, कारण हे प्रकरण तिथेच फिरलं. आधी माल दुसरीकडे वळवायचा, मग उरलेल्या उतारूंच्या तिकिटांतून हा मार्ग, हा चढ आणि हे पूल पोसले जात नाहीत असं दाखवायचं. हिशेब खोटा नसतो. पण तो मांडण्याच्या आधीच निकाल लागलेला असतो. प्रवासी समितीपुढे सुनावण्या झाल्या, स्थानिक परिषदांनी हरकती घेतल्या. विरोध कसून झाला. डिसेंबर १९६१ मध्ये वाहतूक मंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांनी बंद करायला संमती दिली. मार्पल्स स्वतः रस्ते बांधणाऱ्या कंपनीचे संस्थापक होते, आणि यावरून त्यांच्यावर त्या काळी भरपूर टीका झाली.

२० जानेवारी १९६२, शनिवार. रेल्वेप्रेमींनी ठरवलेली शेवटची खास गाडी दोन इंजिनांनी ओढत स्टेनमोरवरून गेली. देशभरातले रेल्वेमार्ग बंद करायला सुचवणारा बीचिंग यांचा गाजलेला अहवाल यायला अजून वर्षभराहून अधिक काळ होता. बंद झालेल्या मार्गांचं सगळं खापर बीचिंग यांच्यावर फोडायची सवय आहे, पण स्टेनमोरचा निर्णय त्या अहवालाच्या आधीचा.

मार्ग बंद करणं हा एक निर्णय. त्यावर मतभेद होऊ शकतात. मालाविना एवढा चढ आणि एवढे पूल चालवणं अवघड होतं हे मीही मान्य करतो. पण पूल उतरवणं हा दुसरा निर्णय होता, आणि तो वेगळा घेतलाच गेला नाही. १९६३ मध्ये बीला आणि डीपडेल दोन्ही पूल पाडून भंगारात दिले. बंद झाल्यावर दोन वर्षंही उलटली नव्हती. मार्ग पुन्हा लागला तर काय, हा विचार त्या क्षणी संपला. दगडी पूल असता तर निदान प्रश्न उघडा राहिला असता.

त्या काळी जुन्या कारखान्यांना, पुलांना, इंजिनघरांना वारसा म्हणण्याची पद्धत रुजायची होती. मार्ग बंद झाला त्याच हिवाळ्यात लंडनला युस्टन स्थानकाची भव्य दगडी कमान पाडली जात होती, राजधानीच्या मध्यभागी, वर्तमानपत्रं आणि नामवंत विरोधात असताना. औद्योगिक स्मारकांची देशभर नोंद घेण्याचं काम सुरू झालं ते १९६३ मध्ये, म्हणजे बीलाचा पूल गेला त्याच वर्षी. वेल्समधला क्रमलिनचा पूल, २०० फूट उंचीचा, तोही १९६६-६७ मध्ये उतरवला. व्हिक्टोरियन लोखंडाचे दोन सर्वांत उंच नमुने चार-पाच वर्षांच्या आत गेले.

भावंडं

बाउच यांचे त्याच मार्गावरचे दगडी पूल उभे आहेत. स्मार्डेल गिलचा १४ कमानींचा पूलही १९८० च्या दशकात पाडायचं घाटत होतं, कारण दुरुस्ती महाग. १९८९ मध्ये नॉर्दर्न व्हायाडक्ट ट्रस्ट स्थापन झाला, त्यांनी निधी जमवून १९९२ पर्यंत तो दुरुस्त केला. पॉडगिल आणि मेरीगिलही त्यांनीच राखले. आज लोक त्यांच्यावरून चालत जातात. कर्बी स्टीफन ईस्ट स्थानकाला स्टेनमोर रेल्वे कंपनीच्या स्वयंसेवकांनी पुन्हा रूळ आणि डबे दिले आहेत. बर्फात रुतलेलं ७८०१८ क्रमांकाचं इंजिनही जतन झालं. खिंडीतली वाहतूक आता ए६६ या महामार्गावर असते, आणि बर्फ, वारा आला की तोही बंद पडतो. त्या महामार्गाच्या रुंदीकरणाला मार्च २०२४ मध्ये मंजुरी मिळाली.

दगडी पूल का वाचले आणि लोखंडी का गेले? कलाकुसर किंवा महत्त्व यावर ते ठरलं नाही. पडीक दगडी पुलाला बाजारात गिऱ्हाईक नसतं, त्याला पाडायलाच पैसे घालावे लागतात, म्हणून तो नुसता पडून राहतो आणि दरम्यान कुणीतरी त्याच्या बाजूने उभं राहायला वेळ मिळतो. लोखंडी पुलाचं वजन करून भाव सांगता येतो. चौदाशे टनांच्या आसपास लोखंड रिकाम्या दरीवर उभं असेल तर भंगारवाल्याचा दर हीच त्याची मुदत.

आणि लोखंडातही फरक आहे. डर्बीशायर आणि नॉटिंगहॅमशायरच्या सीमेवर बेनरली इथे १८७७ चा लोखंडी पूल अजून आहे, १,४५२ फूट लांब. तो पूर्ण घडीव लोखंडाचा. घडीव लोखंड गॅसच्या ज्योतीने सहज कापलं जात नाही, रिव्हेट एकेक करून काढावे लागले असते, आणि तो खर्च भंगाराच्या किमतीत बसेना म्हणून तो तसाच राहिला. जानेवारी २०२२ मध्ये तो चालणाऱ्यांसाठी खुला झाला. डेव्हनमधल्या मेल्डनच्या पुलाचे खांबही घडीव लोखंडाचे, तोही वाचला. बीलाचे खांब बिडाचे होते, आणि बीड पडलं की फुटतं, फुटलेले तुकडे भट्टीत टाकायला सोपे. शंभर वर्षं वाऱ्याला धरून ठेवणारी कातीव कडीही पाचर निघाली की मोकळी होणारी. गिल्क्स, विल्सनच्या ऐंशी माणसांनी जो पूल भराभर उभा केला, तो उतरवणंही तितकंच सोयीचं होतं.